कोलोनोस्कोपीत एआय: जादा पैसे मोजण्याआधी काय विचारावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमचे थोरले बंधू इंग्लंडमध्ये राहतात, वय ५६. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने टपालाने घरी पाठवलेल्या संचातून त्यांनी शौचाचा नमुना दिला, त्यात रक्ताचा अंश सापडला आणि त्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. तपासणीच्या वेळी पडद्यावर एआय, म्हणजे संशयास्पद जागा दाखवणारा संगणक, चालू होते. दोन पॉलिप (गाठी) निघाले, एक १२ मिलिमीटरचा आणि एक ४ मिलिमीटरचा. दोन्ही काढले. अहवालात दोन्ही अॅडिनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचे, निघाले, कॅन्सर नाही. तुम्ही नाशिकला असता, वय ५१, पोटाचा काही त्रास नाही. भावाचे कळल्यावर तुमच्या डॉक्टरांनी तुम्हालाही कोलोनोस्कोपी सुचवली. एका रुग्णालयाने 'एआयसह' तपासणीचे वेगळे, जास्त पैसे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी एआय नाही, पण तिथले डॉक्टर अनुभवी आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या माहितीतले आहेत. कुठे जावे? तपासणीचे चलचित्र कुठे जाते? आणि गाठी मशीनच शोधत असेल, तर दुर्बीण कोणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. दुर्बीण कोणाच्या हातात आहे याने खूप फरक पडतो, एआय असले तरी पडतो. दोन्हीकडचे डॉक्टर सारखेच चांगले असतील आणि जादा रक्कम तुम्हाला जड जाणार नसेल, तर एआय असलेल्या ठिकाणी खुशाल जा; थोडा फायदाच होईल. पण निवड 'अनुभवी हात' आणि 'एआयची पाटी' या दोघांत करायची असेल, तर मी अनुभवी हात निवडेन. मी बरीच वर्षे दुर्बिणीचेच काम करतो आहे, एआय असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही खोल्यांत केले आहे. माझ्या घरच्या माणसासाठीही मी हाच क्रम लावेन.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहसा एका रात्रीत होत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. सगळे पॉलिप धोक्याचे नसतात. गुदाशयात आणि त्याच्या जवळच्या भागात सापडणारे बारीक, फिकट, हायपरप्लास्टिक जातीचे पॉलिप बहुतेक निरुपद्रवी असतात. अॅडिनोमा आणि उजव्या बाजूला आढळणारे चपटे सेरेटेड (करवतीच्या दातांसारख्या रचनेचे) पॉलिप यांच्याकडे मात्र लक्ष द्यावे लागते. त्यांतलेही थोडेच पुढे कॅन्सरकडे जातात, आणि त्यांना तिथवर जायला साधारणपणे दहा वर्षे किंवा जास्त काळ लागतो. इतर कॅन्सरच्या बाबतीत एवढा अवधी क्वचितच मिळतो. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून तारेचा फास घालून, पोट न उघडता पॉलिप काढून दाखवला आणि तेव्हापासून ही तपासणी उपचारही झाली. जी गाठ पुढे कॅन्सर झाली असती, ती त्याच बैठकीत निघून जाते. तुमच्या बंधूंच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्यांचा १२ मिलिमीटरचा पॉलिप वेळेवर निघाला ही खरोखर समाधानाची गोष्ट आहे.

पण गाठ काढायची तर आधी ती दिसायला हवी. डॉक्टराडॉक्टरांमध्ये मोठी तफावत असते ती इथेच.

ही तफावत मोजायचे एक माप आहे: शंभर जणांच्या तपासणीत किती जणांमध्ये किमान एक तरी अॅडिनोमा सापडला. त्याला एडीआर म्हणतात. पोलंडच्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमातून २०१० मध्ये असे दिसले, की ज्या डॉक्टरांचा एडीआर २० टक्क्यांच्या खाली होता, त्यांनी 'सगळे ठीक आहे' म्हणून घरी पाठवलेल्या लोकांमध्ये पुढच्या काही वर्षांत कॅन्सर निघण्याचे प्रमाण बरेच जास्त होते. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याला आकडा दिला. डॉक्टरचा एडीआर एका टक्क्याने वाढला, की त्याच्या रुग्णांमध्ये एका तपासणीनंतर पुढची होण्याआधीच कॅन्सर होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी आणि त्या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका ५ टक्क्यांनी कमी होतो. अमेरिकेतल्या संस्थांनी पूर्वी २५ टक्के हे किमान लक्ष्य ठेवले होते, २०२४ मध्ये ते ३५ टक्क्यांवर नेले. आपल्याकडे अॅडिनोमाचे प्रमाणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असल्याने तो आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही, पण तत्त्व तेच आहे.

आता गाठ का सुटते? कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेणे फार आवश्यक आहे. पहिले, गाठ पडद्यावर आलीच नाही. मोठ्या आतड्याच्या आतल्या घड्या साडीच्या निऱ्यांसारख्या असतात. एकेक बाजूला सारून पाहिल्याशिवाय मागचे दिसत नाही. कुठे मळ चिकटलेला असतो, कुठे वळण इतके तीव्र असते की कॅमेरा सर्रकन पुढे निघून जातो. दुसरे कारण, गाठ पडद्यावर आली, पण डोळ्याने ती टिपली नाही. दिवसभरातली दहावी तपासणी असेल, डॉक्टर थकलेला असेल, गाठ चपटी आणि आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाची असेल, पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर येऊन गेली असेल. चांगल्यातल्या चांगल्या माणसाचेही असे होते.

एआय या दुसऱ्या कारणावर उपाय करते. पहिल्यावर त्याचा काहीही इलाज नाही. जे कॅमेऱ्यासमोर आले नाही ते मशीनला दिसू शकत नाही, आणि घडीमागे डोकवायचे काम दुर्बीण हाताळणाऱ्याच्या मनगटाचे आहे. तुम्हाला जादा पैसे सांगणाऱ्याने हे सांगितले नसेल, तर ते मी सांगतो.

हे मशीन म्हणजे दुर्बिणीचा प्रोसेसर आणि पडदा यांच्यामध्ये बसणारा एक संगणक. हजारो पॉलिपची चित्रे आणि चित्रफिती दाखवून त्याला शिकवलेले असते. चालू तपासणीतली प्रत्येक चौकट तो निमिषार्धात तपासतो आणि काही संशयास्पद वाटले की पडद्यावर त्या जागेभोवती रंगीत चौकोन उमटवतो. काही यंत्रे बारीक आवाजही करतात. मेडट्रॉनिकचे जीआय जीनियस, फुजीफिल्मचे कॅड आय, ऑलिम्पसचे एंडो-एड ही त्यांतली ठळक नावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये जीआय जीनियसला परवानगी दिली, ती या जातीच्या यंत्राला तिथे मिळालेली पहिली. यंत्र दुर्बीण पुढे ढकलत नाही, गाठ काढत नाही, अहवाल लिहीत नाही. ते फक्त म्हणते, 'इथे एकदा बघा.' बघायचे की नाही, बघून काय ठरवायचे, काढायचे की सोडायचे, हे डॉक्टरच ठरवतो.

पहिल्यांदा काम करणाऱ्याला चौकोनांचा त्रास होतो. बुडबुडा, मळाचा कण, अस्तराला पडलेली सुरकुती यांवरही चौकोन उमटतो. इटलीत मोजले तेव्हा एका तपासणीत सरासरी २७ खोटे इशारे आले. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण जवळजवळ सगळे एका नजरेत बाजूला पडतात. थांबून पाहावे लागले असे दोनही नव्हते, आणि त्यामुळे वाढलेला वेळ सुमारे एक टक्का होता. सवयीने तो चौकोन अंगवळणी पडतो. माझा अनुभव असा, की त्याचा खरा उपयोग दुपारनंतर होतो, जेव्हा डोळा जड झालेला असतो आणि चौकोन मात्र सकाळइतकाच ताजा असतो.

पुरावा काय सांगतो? यादृच्छिक चाचण्यांमध्ये, म्हणजे कोणाला एआय आणि कोणाला नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेल्या चाचण्यांमध्ये, फायदा स्पष्ट दिसतो. चीनमधल्या सिचुआन प्रांतात १०५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एडीआर २०.३ टक्क्यांवरून २९.१ वर गेला. इटलीत २०२० मध्ये ६८५ जणांत ४०.४ वरून ५४.८. तुमच्या बंधूंच्या देशात, इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांमध्ये २०३२ जणांवर झालेल्या कोलो-डिटेक्ट चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले: एआयशिवाय ४८.४, एआयसह ५६.६ टक्के. मला सर्वांत बोलका वाटतो तो २०२२ चा एक अभ्यास. त्यात एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केली, एकदा एआयसह आणि एकदा एआयशिवाय, आणि पहिल्या फेरीत किती अॅडिनोमा सुटले ते दुसऱ्या फेरीत मोजले. पहिली फेरी एआयशिवाय असेल तर ३२.४ टक्के सुटले, एआयसह असेल तर १५.५. म्हणजे सुटण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. आणि हेही लक्षात घ्या, की एआय असूनही शंभरातले पंधरा सुटलेच.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग जादा पैसे द्यावेतच. थोडे थांबा.

जे जास्तीचे अॅडिनोमा सापडतात, त्यांतले बहुसंख्य ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान असतात. अशा बारीक गाठीचा पुढे कॅन्सर होण्याची शक्यता फारच थोडी असते. खरी भीती १० मिलिमीटर किंवा त्यापेक्षा मोठ्या, अथवा पेशींची रचना जास्त बिघडलेल्या गाठींची. अशा 'प्रगत' गाठी एआयने जास्त सापडतात का? २०२३ मध्ये २१ चाचण्या एकत्र करून १८,२३२ रुग्णांचा विचार केला, तेव्हा एकूण एडीआर ३५.९ वरून ४४.० टक्क्यांवर गेलेला दिसला, पण प्रगत अॅडिनोमांमध्ये वाढ दिसली नाही. निरुपद्रवी पॉलिप काढण्याचे प्रमाण मात्र वाढले. स्पेनमध्ये तर तुमच्या बंधूंसारख्याच, शौचाच्या चाचणीत रक्त सापडलेल्या ३२१३ लोकांवर चाचणी झाली. प्रगत गाठी किंवा कॅन्सर सापडण्याचे प्रमाण एआयसह ३४.८ टक्के, एआयशिवाय ३४.६. काहीच फरक नाही. याचे कारणही समजण्यासारखे आहे. मोठी गाठ चांगल्या डॉक्टरच्या नजरेतून सहसा सुटत नाही, म्हणून तिथे यंत्राला वाढवायला जागाच उरत नाही.

चाचणीच्या बाहेर, रोजच्या कामात चित्र आणखी मिश्र आहे. स्टॅनफर्डमध्ये यंत्रे बसवून, डॉक्टरांना आपल्या नेहमीच्या पद्धतीने काम करू दिले आणि आधीच्या काळाशी तुलना केली, तेव्हा एडीआर वाढलाच नाही. २०२५ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकासाठी बसलेल्या तज्ज्ञांच्या आणि रुग्णप्रतिनिधींच्या मंडळाने सरसकट वापराच्या विरोधात सौम्य शिफारस केली. त्यांच्या अंदाजाने दहा वर्षांत दहा हजार लोकांमागे सुमारे ११ कॅन्सर आणि २ मृत्यू टळतील, त्या बदल्यात पुन्हापुन्हा बोलावून करायच्या तपासण्या बऱ्याच वाढतील. त्याच वर्षी अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने तोच पुरावा तपासून बाजूने किंवा विरोधात कोणतीच शिफारस न करण्याचे ठरवले. एआयमुळे कॅन्सरचे मृत्यू कमी झाले, असे वर्षानुवर्षे पाठपुरावा करून थेट दाखवणारी चाचणी अजून झालेली नाही. जे आहेत ते गणिती अंदाज. म्हणून 'एआय कोलोनोस्कोपीने कॅन्सरपासून खात्रीशीर बचाव' असे कुठल्या जाहिरातीत वाचलेत तर त्यावर विश्वास ठेवू नका.

माझे मत विचाराल तर मी बीएमजेच्या मंडळापेक्षा थोडा जास्त आशावादी आहे. त्यांची शिफारस सर्वांसाठी आहे. पण ज्या डॉक्टरला मुळात कमी गाठी सापडतात, त्याच्याकडून तपासून घेणाऱ्या रुग्णाला एआयचा आधार जास्त मोलाचा असावा असे मला वाटते. रुग्णाला मात्र आपला डॉक्टर कोणत्या गटातला आहे हे क्वचितच कळते.

आता एक गोष्ट, जी मला खरोखर अस्वस्थ करते. ऑगस्ट २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी मासिकात पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास आला. तिथे तपासणी करणारे १९ डॉक्टर होते, प्रत्येकाने आधी दोन हजारांहून जास्त कोलोनोस्कोपी केलेल्या. केंद्रात एआय येण्यापूर्वी त्यांचा एडीआर २८.४ टक्के होता. एआय आल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय झाल्या त्यांत तो २२.४ वर घसरला. म्हणजे चौकोनाची सवय झालेला डोळा चौकोन नसताना कमी शोधू लागला असावा. 'असावा' असे म्हणतो, कारण ही यादृच्छिक चाचणी नव्हती. त्या काळात कामाचा बोजा, रुग्णांचे प्रकार असे बरेच काही बदललेले असू शकते. तरी हे गंभीरपणे घ्यायला हवे. दहा हजार तपासण्या करून मुरलेल्या डॉक्टरचे काय, याची मला तेवढी चिंता नाही. आज जी मुले-मुली पदव्युत्तर शिक्षणात पहिल्यांदा दुर्बीण हातात घेत आहेत, त्यांच्या डोळ्याला घडण व्हायच्या आतच चौकोनाचा आधार मिळाला, तर वीज गेलेल्या, यंत्र बिघडलेल्या किंवा यंत्र नसलेल्या तालुक्याच्या रुग्णालयात ती काय करतील? शिकणाऱ्यांसाठी सुरुवातीची काही शे तपासण्या एआय बंद ठेवूनच व्हाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

भारतासाठी आणखी एक मुद्दा आहे आणि तो विक्रेत्यांच्या सादरीकरणात नसतो. ही यंत्रे पॉलिप शोधायला शिकवलेली आहेत. आपल्याकडे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या भागात क्षयाचे व्रण आढळतात, अमिबाचे व्रण आढळतात, अल्सरेटिव्ह कोलायटिस वाढतो आहे. तिथे चौकोन उमटेलच असे नाही, कारण त्या गोष्टी ओळखणे हे त्याचे कामच नाही. चौकोन आला नाही म्हणजे आतडे निरोगी, असा निष्कर्ष कोणीही काढू नये, डॉक्टरनेही नाही.

तुमच्या बंधूंनी सांगितले, की पडद्यावर 'अॅडिनोमा' असे लगेच लिहून आले. ते यंत्राचे दुसरे, वेगळे काम आहे: गाठ कोणत्या जातीची असावी याचा अंदाज. तो बऱ्याचदा बरोबर येतो. उद्दिष्ट असे, की गुदाशयाजवळचा बारीक निरुपद्रवी पॉलिप काढायचीच गरज पडू नये, आणि काढलेला प्रत्येक तुकडा प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च वाचावा. पण अंतिम शब्द अजूनही पॅथॉलॉजिस्टचा. तुमच्या तपासणीत पॉलिप काढला, तर तो बायोप्सीला गेला का, हे जरूर विचारा आणि तो अहवाल जपून ठेवा. पुढची तपासणी कधी, हे त्यावरच ठरते.

आता तुमच्या निवडीकडे येऊ. दोन्ही ठिकाणी जाऊन किंवा फोन करून काही गोष्टी विचारा. डॉक्टर आपला एडीआर मोजतात का? आपल्याकडे ही नोंद ठेवणारे अजून थोडे आहेत, पण जे ठेवतात ते हा प्रश्न ऐकून खूश होतात, रागावत नाहीत. नोंद नसेल तर जुना नमुना अहवाल दाखवायला सांगा, रुग्णाचे नाव झाकून. चांगल्या अहवालात तीन गोष्टी असतात: दुर्बीण आतड्याच्या शेवटापर्यंत, म्हणजे अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत पोहोचल्याचा फोटो, आतडे किती स्वच्छ होते याचा गुण, बहुधा नऊपैकी, आणि दुर्बीण मागे घेताना किती मिनिटे लागली. आत जाताना गाठी शोधायच्या नसतात, सगळी पाहणी बाहेर येताना होते. त्यासाठी पूर्वी किमान सहा मिनिटे मानत, आता सरासरी आठ मिनिटांचे लक्ष्य आहे. तीन मिनिटांत बाहेर आलेल्या दुर्बिणीला कितीही चांगले एआय जोडले तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणखी विचारा, की उजव्या बाजूचे आतडे दोनदा पाहतात का. चपट्या सेरेटेड गाठी तिथेच लपतात, अंगावर चिकट स्रावाचा थर घेऊन, आणि एआयचे निकालही त्यांच्या बाबतीत अॅडिनोमाइतके ठाम नाहीत.

या उत्तरांवरून तुमची निवड आपोआप होईल. एआयवाल्या रुग्णालयानेही समाधानकारक उत्तरे दिली, तर जादा रक्कम द्यायला हरकत नाही. नाही दिली, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या माहितीतल्या डॉक्टरांकडे निश्चिंत मनाने जा. तुमचे चलचित्र कुठे जाते, हेही तुम्ही विचारले आहे. यातली बहुतेक यंत्रे खोलीतल्याच संगणकावर चालतात, चित्रे बाहेर पाठवावी लागत नाहीत. तरी रुग्णालयाला एकदा विचारून घ्या.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्याच हातात आहे: आतडे स्वच्छ करणे. मळ असलेल्या आतड्यात डॉक्टरही हतबल आणि यंत्रही. दोन-तीन दिवस आधी पेरू, सीताफळ, टोमॅटो, भेंडी, तीळ, पालेभाज्या, अंकुरलेली कडधान्ये, शेंगदाणे बंद करा. त्या बिया आणि साली दिवसेंदिवस आतड्यात राहतात. दहीभात, उकडलेला बटाटा, पांढरा पाव, अंडे चालते. जुलाबाचे औषध दोन भागांत घ्या, अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. सगळे एकदम आदल्या रात्री संपवले, की पहाटेपर्यंत वरून आलेला पिवळा स्राव उजव्या बाजूला साचतो, आणि चपट्या गाठी नेमक्या तिथेच असतात. पहाटे उठावे लागते म्हणून लोक दुसरा भाग टाळतात. तुम्ही टाळू नका. कोकम सरबत, बीट आणि लाल रंगाचे काहीही आदल्या दिवशी घेऊ नका, आत ते रक्तासारखे दिसते. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत भरपूर प्या. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच.

एक विषय या प्रश्नाच्या थोडा बाहेरचा आहे, पण तो सोडून मला पुढे जाता येत नाही. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तो संच घरपोच येतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे. मोठ्या आतड्याची नाही. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने इथले प्रमाण कमी आहे हे खरे, तरी २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ७० हजारांच्या आसपास नवे रुग्ण निघतात. आणि ते तरुण असतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलने आपल्या ८०० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वय सत्तेचाळीसच्या जवळ होते. माझ्याकडे उशिरा आलेल्या कित्येकांची कथा एकसारखी: शौचातून रक्त जात होते, कोणीतरी 'मूळव्याध आहे' म्हटले, मलम आणि चूर्णात सहा-आठ महिने गेले, बोट घालून साधी तपासणीही कोणी केली नाही. या रुग्णांना एआयने काहीही मदत झाली नसती. त्यांना वेळेवर एक साधी दुर्बीण हवी होती. तुमच्या ओळखीत कोणाला शौचातून रक्त जात असेल, सवय अचानक बदलली असेल, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरले असेल, तर मूळव्याध असली तरीही एकदा आत पाहून घ्यायला सांगा. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात असू शकतात.

तुमच्या बाबतीत तपासणीचा सल्ला योग्यच आहे. सख्ख्या भावाला साठीच्या आत १० मिलिमीटरपेक्षा मोठा अॅडिनोमा निघाला, तर अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वे चाळिशीपासूनच थेट कोलोनोस्कोपी सांगतात. तुम्ही ५१ चे आहात, तेव्हा शौचाच्या चाचणीवर न थांबता ही करून घ्या आणि आता लांबवू नका. त्याच तत्त्वांनुसार सगळे स्वच्छ आले तर पुढची पाच वर्षांनी.

बंधूंना ब्रिटिश नियमांप्रमाणे तीन वर्षांनी बोलावतील, कारण दोन अॅडिनोमा आणि त्यांतला एक मोठा, हे तिथे जास्त जोखमीच्या गटात बसते. त्यांच्या बाबतीत तो ४ मिलिमीटरचा पॉलिपही मोजणीत धरला जातो, आणि एआयमुळे अशा बारीक गाठी जास्त सापडू लागल्याने जास्त लोक या 'लवकर पुन्हा या' गटात जातात. नऊ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा युरोपीय नियमांनुसार हे प्रमाण ६.१ टक्क्यांवरून ७.४ वर गेले. आकडा लहान वाटतो, पण देशभराच्या प्रतीक्षायादीत तो जाणवतो. बंधूंच्या गटाचा निर्णय त्या १२ मिलिमीटरच्या गाठीशिवाय झाला नसता, त्यामुळे त्यांनी तीन वर्षांनी जाणे टाळू नये. त्यांच्या मुलांनाही ही माहिती आजच द्या, पॅथॉलॉजीच्या अहवालाच्या प्रतीसह. चाळिशीला पोहोचल्यावर ती ज्या देशात असतील तिथल्या डॉक्टरांना तो कागद दाखवावा लागेल.